देशोदेशीचे गुन्हे आणि शिक्षा: आकडे शेजारी ठेवण्याआधी काय काय बघायचं

माझ्या आतेबहिणीची मुलगी मास्टर्ससाठी स्वीडनला निघाली होती. व्हिसा झाला, तिकीट झालं, भाजणीसुद्धा दळून आली, आणि निघायला दहा दिवस असताना रात्री साडेअकराला ताईचा फोन, अरे ग्रुपवर हे काय आलंय, स्वीडनमध्ये बलात्काराचं प्रमाण भारताच्या चाळीस पट आहे म्हणे, पोरीला पाठवू की नको सांग.

मी मेसेज मागवला आणि आकडे तपासले तर ते खोटे नव्हते. २०२१ मध्ये स्वीडनच्या पोलिसांकडे बलात्काराच्या साधारण साडेनऊ हजार तक्रारी नोंदल्या गेल्या आणि तिथली लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे लाखामागे ९० च्या आसपास. भारतात त्याच वर्षी ३१,६७७ केसेस, लोकसंख्या १३७ कोटींच्या आसपास, म्हणजे लाखामागे २.३. भागाकार करा, चाळीस पट येतंच. आकडे खरे, गणित बरोबर, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पूर्ण चुकीचा. हे ताईला फोनवर समजावायला मला दीड तास लागला. तेच इथे नीट पायऱ्यांनी लिहितोय, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टला, एमपीएससीच्या निबंधाला, न्यूज पोर्टलला नव्याने लागलेल्यांना आणि घरच्या ग्रुपवर उत्तर द्यायचं असलेल्यांना, सगळ्यांनाच हे लागतं आणि मराठीत एका जागी सहसा मिळत नाही.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

"कुठल्या देशात गुन्हे जास्त" हा प्रश्नच होऊ शकत नाही. मला तिथे राहायला जायचंय म्हणून जीवाचा धोका बघायचाय का, कायदा कडक केल्याने गुन्हे घटले का ते बघायचंय, पोलीस तक्रार घेतात का ते बघायचंय, का तुरुंगात किती लोक डांबलेत ते बघायचंय? प्रत्येकाला वेगळा आकडा लागतो. कागदावर एक वाक्य लिहा आणि मगच वेबसाईट उघडा, नाहीतर जो आकडा आधी सापडेल त्याला साजेसा प्रश्न आपण नंतर तयार करतो, हे मी स्वतः कितीदा तरी केलंय.

पायरी २: हा आकडा गुन्ह्याचा नाही, नोंदीचा आहे

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, त्यामुळे इथे थोडा वेळ थांबू.

काही वर्षांपूर्वी लोकलच्या गर्दीत माझ्या खिशातून फोन गेला. कोणीतरी काढला, मला हात जाणवला होता. पोलीस ठाण्यात गेलो, तासभर बसलो, आणि शेवटी जो कागद हातात पडला त्यावर "गहाळ" लिहिलं होतं. चोरी नाही, गहाळ. मला सिमकार्ड परत मिळवायला कागद हवा होता, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, मी सही करून निघालो. त्या वर्षीच्या देशाच्या आकडेवारीत माझा फोन चोरीला गेलेलाच नाही. आता असे किती फोन, किती पाकिटं, किती मंगळसूत्रं असतील याचा विचार करा.

आपल्याकडे तक्रार केली की ती एफआयआर होते का एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) राहते हा पहिला फाटा. अदखलपात्र म्हणून एनसी लिहून घेतली की तपास जवळपास होतच नाही, आणि दरवर्षी पेपरात जे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, आकडे छापून येतात ते दखलपात्र गुन्ह्यांचे असतात. त्यात परत एका एफआयआरमध्ये चार कलमं लागली तर सगळ्यात गंभीर कलमाखाली ती एकदाच मोजायची असा एनसीआरबीचा नियम आहे. म्हणजे घरात घुसून मारहाण, लूट आणि खून झाला तर मुख्य तक्त्यात एक खून दिसतो, बाकीचं त्याच्या पोटात. अमेरिकेतही बरीच वर्षं असाच नियम होता, २०२१ पासून एफबीआयने पूर्णपणे नव्या पद्धतीवर जायचं ठरवलं ज्यात एका घटनेतले सगळे गुन्हे मोजतात, आणि त्या पहिल्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन अवाढव्य शहरांच्या पोलिसांची माहितीच त्यात आली नाही. तळटीप न वाचता कोणी २०२० आणि २०२१ शेजारी ठेवले तर काय होईल ते सांगायला नको.

आता उलटी बाजू. जिथे तक्रार करणं सोपं, तिथे आकडा वाढतो. केरळचा गुन्ह्यांचा दर वर्षानुवर्षं देशात वरच्या नंबरात असतो, पण केरळमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा, तिथे काही सगळीकडे लुटालूट चाललेली नाही, तिथे माणूस ठाण्यात जातो आणि तक्रार लिहून घेतली जाते. युरोपात बऱ्याच ठिकाणी सायकल चोरीला गेली तरी विम्याचे पैसे मिळायला पोलिसांचा तक्रार नंबर लागतो, त्यामुळे लोक सायकलीचीही तक्रार करतात. आपल्याकडे सायकल गेली तर आपण शेजारच्याला सांगतो आणि गप्प बसतो.

आणि २०१२-१३ चा आकडा तर प्रत्येकाने एकदा स्वतः बघावा. २०१२ मध्ये भारतात बलात्काराच्या २४,९२३ केसेस नोंदल्या होत्या, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ३५ टक्के वाढ. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना झाली, देश रस्त्यावर उतरला, २०१३ मध्ये कायदा बदलून बलात्काराची व्याख्या मोठी केली, संमतीचं वय १८ केलं, तक्रार न घेणाऱ्या पोलिसावर कारवाईची तरतूद आली. पुरुष एका वर्षात ३५ टक्के जास्त वाईट झाले असं त्यातून निघत नाही, बायका बोलायला लागल्या आणि ठाण्याला लिहून घ्यावं लागलं हे निघतं. मला तरी ती वाढ चांगली बातमी वाटते, आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय.

मग खरा आकडा कळणार कसा? सर्व्हेतून. पोलिसांना न विचारता थेट घरोघरी जाऊन विचारायचं की गेल्या वर्षभरात तुमच्यासोबत काय घडलं. अमेरिकेत असा सर्व्हे १९७३ पासून चालू आहे, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून. भारतात असा नियमित देशव्यापी गुन्हे-सर्व्हे नाही, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या हिंसेचे प्रश्न असतात. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कुठेही मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. त्या मदतीतसुद्धा बहुतेक वेळा माहेर, पोलीस फार क्वचित. याच्या शेजारी नवरा-सासरच्या छळाच्या पोलीस केसेस ठेवा, २०२२ मध्ये सुमारे १.४ लाख. कोट्यवधी एका बाजूला, दीड लाखही नाही दुसऱ्या बाजूला. पोलिसांचा आकडा म्हणजे विहिरीतून काढलेली एक बादली, त्यावरून विहिरीत पाणी किती ते कळत नाही.

पायरी ३: नाव एकच असलं तरी गुन्हा एकच असतो का बघा

आता ताईच्या स्वीडनकडे येऊ. तिथे २००५ मध्ये बलात्काराची व्याख्या मोठी केली, २०१३ मध्ये अजून वाढवली, आणि जुलै २०१८ पासून संमती नव्हती एवढंच पुरेसं धरलं, जबरदस्ती किंवा धमकी दाखवायची गरज नाही. नवऱ्याने केला तरी तो बलात्कारच. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण बायको १८ च्या वर असेल तर नवऱ्याला बलात्काराचं कलम लागत नाही ही सूट जुन्या आयपीसीतून (भारतीय दंड संहितेतून) नव्या कायद्यात तशीच आली. म्हणजे स्वीडनमध्ये जे मोजलं जातं त्यातला एक मोठा भाग आपल्याकडे त्या रकान्यात येऊच शकत नाही.

मोजण्याची पद्धतही बघा. समजा एका बाईने सांगितलं की जोडीदाराने वर्षभर दर महिन्याला जबरदस्ती केली, तर स्वीडनमध्ये बारा गुन्हे नोंदले जातात, आपल्याकडे साधारणपणे एक एफआयआर. शिवाय स्वीडन तक्रार आली त्या दिवशीच मोजतं, पुढे तपासात काही निघालं नाही तरी तो आकड्यातून वजा होत नाही. जर्मनी तपास संपवून पोलीस फाईल पुढे पाठवतात तेव्हा मोजतं. स्वीडनच्या सरकारी गुन्हे-संशोधन संस्थेने हाच हिशोब करून बघितला होता. २०१६ चा त्यांचा आकडा लाखामागे ६४, आणि तोच जर्मनीच्या कायद्याने आणि जर्मनीच्या पद्धतीने मोजला तर १५. तेच वर्ष, त्याच घटना, फक्त मोजणारा बदलला आणि आकडा चौथाईवर आला!

अपहरणाचंही असंच. भारतात अपहरणाचे आकडे मोठे दिसतात कारण पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचे आईबाप बऱ्याचदा अपहरणाची तक्रार देतात, आणि हरवलेल्या मुलांच्या प्रत्येक प्रकरणात गुन्हा नोंदवा असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितल्यापासून ते आकडेही यात येतात. दुसऱ्या एखाद्या देशात अपहरण म्हणजे खंडणीसाठी पळवणं एवढंच असेल. तेव्हा प्रत्येक देशासाठी तीन गोष्टी शोधा: कायद्यात व्याख्या काय, मोजतात कधी, आणि मोजतात काय (घटना, पीडित का आरोपी). ही माहिती बहुतेक वेळा रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात असते, कंटाळवाणी असते, तरीही आधी तीच वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या ऑफिसने, म्हणजे यूएनओडीसीने, २०१५ मध्ये सगळ्या देशांसाठी गुन्ह्यांचं एक सामाईक वर्गीकरण तयार केलंय, पण त्यात आपली माहिती नीट बसवणं हे काम अजून देशोदेशी चालूच आहे.

पायरी ४: नवीन असाल तर खुनापासून सुरुवात करा

प्रेत लपवणं अवघड असतं, म्हणून खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. मेलेल्या माणसाची नोंद पोलिसांकडेही होते आणि आरोग्य खात्याकडेही, दोन्ही ताडून बघता येतात. यूएनओडीसीच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगात सुमारे ४ लाख ५८ हजार माणसांचे खून झाले, लाखामागे ५.८. भारतात एनसीआरबीप्रमाणे २०२२ मध्ये २८,५२२ केसेस, लाखामागे २.१. जपानमध्ये हा दर ०.५ च्याही खाली असतो, अमेरिकेत त्या वर्षी सहाच्या आसपास. स्वीडनमध्ये २०२२ मध्ये ११६ घटना, म्हणजे लाखामागे १.१. बघा, खुनावर आलो की स्वीडन भारताच्या खाली गेला.

पण इथेही खड्डे आहेत. आपल्याकडे हुंडाबळी हा वेगळा गुन्हा आहे, वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास, आणि तो खुनाच्या रकान्यात नसतो. दुसऱ्या देशात सासरच्यांनी सून जाळली तर ती खुनातच मोजली जाईल. हे मिळवले तर आपला आकडा वीस टक्क्यांहून जास्त वाढतो. मिळवायचे का नाही हा निर्णय तुमचा, पण जे कराल ते लिहून ठेवा.

वर्षाचाही घोळ असतो. इंग्लंड-वेल्समध्ये खून झाला त्या वर्षात नाही, तर पोलिसांनी खून म्हणून नोंदवला त्या वर्षात मोजतात. हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं पेशंटना मारलं, चौकशीत ते बाहेर आलं आणि २००२-०३ या एकाच वर्षात त्याचे १७२ बळी टाकले गेले. हिल्सबरो स्टेडियमची चेंगराचेंगरी १९८९ ची, पण त्यातले ९६ मृत्यू मार्च २०१७ ला संपलेल्या वर्षाच्या आकड्यात आले. ग्राफवर एकदम शिखर दिसतं आणि लोक त्यावर लेख लिहून मोकळे होतात.

छोट्या देशात तर एका घटनेने सगळं हलतं. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला एकाच माणसाने ७७ जणांना मारलं. देश पन्नास लाखांचा, म्हणजे एका दिवसाने वर्षाच्या दरात लाखामागे दीडची भर, आणि एरवी तिथला अख्ख्या वर्षाचा दरसुद्धा एकच्या खाली असतो. म्हणून छोट्या देशांसाठी एक वर्ष घेऊ नका, पाच वर्षांची सरासरी घ्या.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण "आपल्याकडेही असंच करा" असे व्हिडिओ रोज फिरतायत. २०१५ मध्ये तिथला खुनाचा दर लाखामागे १०० च्या वर होता, जगात सगळ्यात भयानकपैकी. मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली, ऐंशी हजारांहून जास्त लोक आत टाकले, आणि २०२३ चा सरकारी दर २.४. टोळ्यांच्या भीतीत जगलेल्या माणसांसाठी हा फरक खरा आहे, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. पण ग्राफ पूर्ण बघा: २०२१ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या आधीच, दर १८ च्या आसपास आलेला होता, म्हणजे घसरणीचा मोठा भाग आधीचा. दुसरं, पोलिसांसोबतच्या चकमकीत मेलेले लोक सरकारी आकड्यात धरत नाहीत. आणि तिसरं, त्याची किंमत दुसऱ्या रकान्यात आहे, लाखामागे १,६०० च्या वर लोक तुरुंगात, जगात सगळ्यात जास्त, त्यातल्या अनेकांवर खटला उभा राहिलेला नाही. एकच रकाना दाखवणारा व्हिडिओ अर्धवट आहे एवढं तरी समोरच्याला सांगाच.

पायरी ५: भागायचं कोणाने

एकूण आकडा कधीच शेजारी ठेवायचा नाही, लाखामागे दर काढायचा. केसेस गुणिले एक लाख, भागिले लोकसंख्या. सोपं आहे, पण लोकसंख्या कोणाची? एनसीआरबी बलात्काराचा दर एक लाख महिलांमागे देतं, २०२२ मध्ये ३१,५१६ केसेस आणि दर ४.७. बाहेरच्या बऱ्याच तक्त्यांत तो एकूण लोकसंख्येवर असतो, तसा काढला तर आपला २.३ होतो. एक दर इथला, एक तिथला असा उचलला तर चूक दुपटीची होते, आणि ही चूक मी चांगल्या पेपरातही बघितलीय.

गोव्याचं उदाहरण घ्या. लोकसंख्या पंधरा-सोळा लाख, आणि वर्षाला येणारे पर्यटक त्याच्या कितीतरी पट. कळंगुटला पर्यटकाची बॅग पर्यटकानेच चोरली तरी भागाकार गोंयकारांच्या लोकसंख्येने होतो. व्हॅटिकनचं तर याहून टोकाचं, रहिवासी हजाराच्या आत आणि दर्शनाला येणारे लाखो, त्यामुळे खिसेकापूंचा दर काढला तर जगातला सगळ्यात गुन्हेगार देश तोच ठरतो. आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची, त्यानंतरचे सगळे दर अंदाजाने वाढवलेल्या लोकसंख्येवर आहेत, हेही एका ओळीत लिहून टाका.

पायरी ६: "एकूण गुन्हे" हा रकाना सोडून द्या

२०२० मध्ये भारतातले एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. लॉकडाऊनमध्ये, सगळे घरात असताना! कारण सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८, त्याच्या केसेस २०१९ मध्ये २९,४६९ होत्या त्या २०२० मध्ये ६,१२,१७९ झाल्या. गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे तिथे दारूच्या केसेसचा ढीग, शेजारच्या महाराष्ट्रात तीच बाटली परमिट रूममध्ये. एकूण या शब्दात खून आणि मास्क न लावणं एकाच वजनाचे होतात, तो रकाना बघायचाच नाही.

पायरी ७: शिक्षेच्या बाजूला आलात की सावकाश

तुरुंगातले लोक मोजताना लक्षात ठेवा की तो एका दिवसाचा फोटो असतो. ३१ डिसेंबर २०२२ ला भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ जणांची. लाखामागे ४१ च्या आसपास. अमेरिकेत लाखामागे ५३० ते ५४०, आणि २००८ च्या सुमारास तर ७५० च्या वर होते. यावरून "भारत सौम्य आहे" असं लिहायला हात शिवशिवतो, पण थांबा. त्या पावणेसहा लाखांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे चारातले तीन, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. पक्के कैदी दीड लाखाच्याही आत, लाखामागे १० सुद्धा नीट होत नाहीत. अमेरिकेत कच्च्या कैद्यांचा वाटा साधारण पाव भाग आहे. तेव्हा अमेरिकेचा तुरुंगाचा आकडा मुख्यतः शिक्षेचा आहे आणि आपला मुख्यतः वाट बघण्याचा. जामिनाचे पंधरा-वीस हजार नाहीत, जामीनदार नाही, तारखेवर तारीख, आणि माणूस आत. हा फरक तक्त्यात न दाखवता दोन्ही "कैदी" म्हणून शेजारी ठेवणं हा त्या आतल्या माणसांवर अन्याय आहे असं मला वाटतं.

चीनच्या आकड्यात उलटं. तिथून जो सुमारे १७ लाखांचा आकडा येतो तो फक्त शिक्षा झालेल्यांचा असतो, खटल्याआधी पकडून ठेवलेले आणि प्रशासकीय आदेशाने ठेवलेले त्यात नाहीत.

मग दोषसिद्धीचं प्रमाण. जपानमध्ये ९९ टक्क्यांच्या वर, भारतात आयपीसीच्या गुन्ह्यांत २०२२ मध्ये ५४ टक्के, बलात्कारात २७ च्या आसपास. जपानी सरकारी वकील ज्या केसमध्ये खात्री नाही ती कोर्टात नेतच नाहीत, पुरावा असला तरी गुन्हा किरकोळ असेल तर माफीनामा, भरपाई बघून सोडून देतात, म्हणजे चाळणी कोर्टाच्या आधीच लागते. आपल्याकडे चाळणी कोर्टात लागते. आणि आपलं प्रमाण हे त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांपैकी असतं, नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नाही. शंभर तक्रारींतून किती जणांना शिक्षा झाली असं कोणी म्हणत असेल तर तो आकडा वेगळा आणि खूपच छोटा.

सुटल्यावर परत गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण हा माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा आकडा. नॉर्वे २० टक्के, अमेरिका ७७ टक्के, म्हणून नॉर्वेचे तुरुंग भारी, असं वाचलं असेल. नॉर्वेचे २० टक्के म्हणजे दोन वर्षांत परत दोषी ठरून नवीन शिक्षा झालेले. अमेरिकेचे ७७ म्हणजे पाच वर्षांत परत नुसते अटक झालेले, २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्यांपैकी. त्याच अभ्यासात त्याच माणसांचे अजून आकडे आहेत: पाच वर्षांत परत दोषी ठरलेले ५५ टक्के, आणि नवीन शिक्षा होऊन राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात गेलेले २८ टक्के. माणसं तीच, आकडे तीन. नॉर्वेची पद्धत माणुसकीची आहे आणि मला ती पटते, पण ती पटवून द्यायला दोन वर्षं आणि पाच वर्षं, अटक आणि शिक्षा एका रांगेत बसवायची गरज नाही. तेव्हा दरवेळी विचारा, परत म्हणजे काय, आणि किती वर्षांत.

फाशीबद्दल थोडक्यात. सुनावलेली आणि दिलेली हे दोन वेगळे रकाने ठेवा. २०२२ च्या शेवटी भारतात फाशी सुनावलेले ५३९ कैदी होते, पण प्रत्यक्ष फाशी २०१२ मध्ये येरवड्यात एक, २०१३ मध्ये तिहारमध्ये एक, २०१५ मध्ये नागपुरात एक, आणि मग थेट मार्च २०२० मध्ये तिहारमध्ये चार. चीन आपला आकडा गुपित ठेवतो आणि ॲम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना जगाची बेरीज देताना चीन वगळून देते, त्यामुळे "जगात इतक्या फाशी" हे वाक्य चीन सोडून असं लिहिल्याशिवाय अपुरं आहे. आणि फाशीने खून घटतात का असं बघायचं असेल तर सिंगापूरला फाशी आहे, हाँगकाँगमध्ये १९६६ नंतर कोणाला दिलेली नाही, खुनाचा दर दोन्हीकडे जगातल्या अगदी खालच्यांपैकी, तेव्हा एका देशाचं उदाहरण देऊन वाद जिंकायला जाऊ नका.

पायरी ८: आकडे आणायचे कुठून आणि मांडायचे कसे

खुनासाठी यूएनओडीसी, तुरुंगासाठी लंडनहून चालणारं वर्ल्ड प्रिझन ब्रीफ, युरोपसाठी युरोस्टॅट, भारतासाठी एनसीआरबीचे दोन रिपोर्ट, एक गुन्ह्यांचा आणि एक तुरुंगांचा, सगळे फुकट डाउनलोड होतात. नंबिओची "सुरक्षित शहरं" यादी मात्र वापरू नका, ती वेबसाईटवर येणाऱ्या लोकांनी भरलेल्या मतांवर चालते, पोलिसांचा त्यात संबंध नाही, आणि ग्रुपवर येणाऱ्या अर्ध्याअधिक याद्या तिथूनच उचललेल्या असतात. २०२४ पासूनचे भारताचे आकडे बघताना आयपीसीची कलमं जाऊन न्याय संहितेची आलीत, जुन्या रकान्याला नवा रकाना आपोआप जुळेल असं धरू नका.

एक्सेल उघडा आणि नुसता देश आणि आकडा असे दोन कॉलम न करता नऊ करा: देश, वर्ष, गुन्हा, आकडा, तिथली व्याख्या एका ओळीत, मोजलं काय, मोजलं कधी, भागलं कोणाने, आणि तळटीप. शेवटचे पाच कॉलम भरता येत नसतील तर ती ओळ पुसा. कंटाळा येतो, दोन देशांना अख्खी दुपार जाते, पण तीन वर्षांनी कोणी विचारलं की हा आकडा कुठून आणला तर तुमच्याकडे उत्तर असतं. आणि सुरुवातीला देशांत देश बघण्यापेक्षा एकाच देशात दहा वर्षं बघा, कायदा कधी बदलला तिथे उभी रेघ मारा, मग हळूहळू दुसरा देश आणा. रँक लावू नका. पहिला-दुसरा लावला की वर लिहिलेलं सगळं वाचणारा विसरतो, नंबर तेवढा लक्षात ठेवतो.

ताईला मी शेवटी जे लिहून पाठवलं ते असं: स्वीडनमध्ये बलात्काराची व्याख्या आपल्यापेक्षा मोठी आहे, प्रत्येक वेळ वेगळी मोजतात आणि बायका तक्रार जास्त करतात, त्यामुळे हे दोन आकडे वापरून कुठे धोका जास्त ते ठरवता येत नाही. खुनाचा दर तिथे लाखामागे १ च्या आसपास, आपल्याकडे २ च्या. टोळ्यांचे गोळीबार तिथे होतात, ती बातमी खरी आहे, हॉस्टेल कुठल्या भागात आहे ते तिथल्या सीनियर मुलींना विचार. काही झालं तर ११२ फिरवायचा, आणि तक्रार लिहून घेतील. ताईने तो मेसेज त्याच ग्रुपवर टाकला, आणि पोरगी ठरल्या तारखेला भाजणीसकट विमानात बसली.